खापर, बलुते आणि पंगत

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात निघोजे येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'प्रांतोप्रांतीचे आवडते पदार्थ आणि जेवणाच्या रीती' हा विषय नेमून दिला आहे. भोजनाच्या आधीच्या तासात भोजनावर बोलावयाचे, हे काम वाटते तितके सोपे नाही. श्रोत्यांचे एक चित्त वक्त्याकडे व दुसरे चुलवणाकडे असते, आणि दुसरे अधिक बलवान असते. तेव्हा आपला फार वेळ घेणार नाही, एवढे आश्वासन प्रारंभीच देतो.

विषय वरवर पाहता हलका आहे. कोणास काय आवडते, यावर गंभीर विचार तो काय करावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या कुंभार समाजातील सोयरिकी जमताना आणि मोडताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस हा विषय हलका वाटणार नाही. शिक्षण जुळते, नोकरी पसंत पडते, मुलामुलीची पसंती होते, आणि शेवटी ताटापाशी येऊन गाडे अडते.

दोनच वर्षांमागील गोष्ट. नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगा याच टापूतला, कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर; मुलगी खानदेशची, पदवीधर. दिवस हिवाळ्याचे. मुलीच्या घरच्यांनी आपल्याकडील थोर पाहुणचार म्हणून मळ्यात काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या केल्या. मुलाकडील एक वडीलधाऱ्या बाई परतताना म्हणाल्या, "सोयऱ्यांना कोणी वांग्याचे भरीत वाढते काय? पानात गोड म्हणून काही नाही. आपल्यात असे नसते." तिकडे मुलीच्या मावशीच्या कानी हे गेले आणि त्या म्हणाल्या, "ज्यांना पाहुणचार कळत नाही, त्यांच्या घरी लेक कशी द्यावी?" सोयरीक मोडली. दोन सज्जन कुटुंबे एका वांग्यापायी दुरावली. आजच्या व्याख्यानात आम्ही त्या एकाच वाक्याची तपासणी करणार आहोत. 'आपल्यात असे नसते' यातील 'आपल्यात' म्हणजे नेमके कोणात?

हे संमेलन निघोजे येथे भरले आहे, ही गोष्ट या प्रश्नाला अनुकूलच आहे. निघोजे हे इंद्रायणीकाठचे शेतकऱ्यांचे गाव. शेजारचा चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यांसाठी नावाजलेला. पुढे चाकणची औद्योगिक वसाहत महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, निघोजे अशी शिवारे व्यापीत वाढत गेली. २००९ साली फोक्सवॅगनचा आणि २०१० साली महिंद्राचा मोटारींचा कारखाना या पट्ट्यात सुरू झाला, आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे अनेक कारखाने आले. या कारखान्यांच्या आधाराने जळगाव, बुलढाणा, लातूर, नांदेड, चंद्रपूर, सिंधुदुर्ग, बेळगाव अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे येथे आली. त्यांत आपल्या समाजाची कुटुंबेही आहेत. पूर्वी ज्या शाखांची गाठ एखाद्या यात्रेत पडे, त्या आज एका जिन्यावर राहतात, आणि सायंकाळी त्या जिन्याने वर चढताना चार प्रांतांच्या फोडण्यांचा वास येतो. एकमेकांच्या ताटाकडे पाहण्याचा प्रसंग आता रोजचा झाला आहे.

प्रथम हे पाहू की आपल्या समाजाचे असे एक निराळे जेवण कधी होते काय. आमचे उत्तर स्पष्ट आहे: नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. आपण बलुतेदार. गावाला रांजण, घागरी, मडकी, गाडगी, परळ पुरवावयाचे. संक्रांतीस सुगडे, अक्षय्य तृतीयेस केळी, नवरात्रात घट द्यावयाचे. आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे. पावसाळ्यात चाक थांबे, आवा विझे, आणि ते महिने खळ्यावरून आणलेल्या धान्यावरच काढावे लागत. मग घरात कोणते धान्य असणार? गावच्या शिवारात जे पिकले ते. मावळातील कुंभाराच्या पदरात भात पडे, शिरूरकडील कुंभाराच्या पदरात बाजरी, सोलापूरकडे शाळू, खानदेशात ज्वारी आणि उडीद, भंडाऱ्याकडे पुन्हा भात. ज्या कुटुंबाचे अन्न खळ्यावर ठरत होते, त्याची आवड जातीने ठरविली असे म्हणता येणार नाही. ती गावाने ठरविली, आणि गावाची आवड त्याच्या मातीने व पावसाने. आपल्या धंद्यात लहान चाकाचे आणि थोर चाकाचे, म्हणजे 'लहानचाके' व 'थोरचाके', असे भेद होते. ते अवजारांचे भेद होते. ताटाचा भेद मात्र सर्वस्वी ज्या त्या मुलखाचा होता.

पावसाचे माप घेतले म्हणजे हे चटकन ध्यानी येते. लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शिरूरकडे जाईपर्यंत तो ५००-६०० मिलिमीटरांवर येतो. एका पुणे जिल्ह्याच्या दोन टोकांत एवढे अंतर आहे. म्हणून मावळात आंबेमोहोराचा सुवास, आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसृत झालेला 'इंद्रायणी' तांदूळ. आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे व मटकीची उसळ. आपले निघोजे या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे, म्हणून येथील ताटात भाकरीही सुखाने नांदते आणि भातही. उत्तरेस जुन्नर-नारायणगावकडे गेले की मासवडी भेटते. नावात मासा, पण पदार्थ निखळ शाकाहारी: बेसनाच्या पोटात तीळ, सुके खोबरे, कांदा व लसूण यांचे सारण भरून मासोळीसारखा आकार दिलेला, आणि सोबत झणझणीत रस्सा.

याच रीतीने संपूर्ण मुलूख पाहावा. कोकणात पाऊस मुबलक, नारळ दारात, समुद्र पुढ्यात. तेथे तांदळाची भाकरी, घावन, आंबोळी, कुळथाची पिठी, माशांची आमटी आणि कोकमाची सोलकढी. कोल्हापुरात तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी शेजारी बसतात, आणि कांदा-लसूण मसाला वर्षाचा करून ठेवतात. सोलापुरात शेंगदाण्याची चटणी आणि महिनोन् महिने टिकणारी कडक भाकरी. मराठवाड्यात रब्बीची ज्वारी, धपाटे, उकडशेंगोळे, येसराची आमटी. खानदेशात वरण-बट्टी, शेवेची भाजी, कळण्याची भाकरी आणि ते भरीत, ज्याच्यासाठीच्या जळगावच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या वांग्यापायी ती सोयरीक मोडली, ते वांगे असे मानाचे आहे! वऱ्हाडात रोडगे आणि वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा; नागपूरकडे वडा-भात, सांभारवडी आणि सावजीचा तिखट रस्सा; आणि त्याही पूर्वेस झाडीपट्टीत पुन्हा भात. म्हणजे कोकणाचा भात आणि भंडाऱ्याचा भात यांच्यामध्ये सारा भाकरीचा मुलूख पसरलेला आहे, आणि दोन्ही टोकांस भरपूर पाऊस आहे. ज्याने पाऊस पाहिला, त्याला ताट न पाहताही ओळखता येईल.

जिभेच्या भेदासवे शब्दांचाही भेद येतो, आणि त्यातून गैरसमज होतात. विदर्भातून आलेली सून येथील भाजीवाल्याकडे 'सांभार' मागते, तेव्हा तो गोंधळतो. तिला हवी असते कोथिंबीर. ती 'आलू' म्हणते, सासूबाईंना 'अळू' ऐकू येते. बटाट्याच्या जागी अळूची जुडी घरी येते. शहरी घरात 'पोळी' म्हणजे रोजची गव्हाची पोळी. पुष्कळ खेड्यांत 'पोळी' म्हणजे पुरणाची, रोजची ती 'चपाती'. 'आज पोळ्या केल्या आहेत' या निमंत्रणाचा अर्थ घरागणिक बदलतो. नव्या सुनेला पहिल्या महिन्यात जे शब्द खावे लागतात, त्यांतील निम्मे या असल्या गोंधळातून जन्मलेले असतात. चूक कोणाचीच नसते. दोघीही शुद्ध मराठीच बोलत असतात.

आता आपल्या खास विषयाकडे वळू. धान्य गावाचे असले, तरी ते ज्यात शिजले ते भांडे आपले होते. महाराष्ट्रातील पुष्कळ आवडते पदार्थ हे मुळात भांड्याचे पदार्थ आहेत. रायगडाकडील पोपटी घ्या. थंडीत वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरावयाच्या, भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करावयाचे, मडके उपडे घालून भोवती जाळ करावयाचा. पाण्याचा थेंब नाही. जी चव येते ती मडक्याची आणि पाल्याची. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावास्येस शेतात जेवण असते: अनेक शेंगा व पालेभाज्यांची भज्जी, उंडे, खीर, आणि मडक्यात मुरलेले आंबील. नागपूरकडील लांब रोटी उपड्या मडक्यावर भाजतात. कोकणात माशाचे कालवण मातीच्या भांड्यात आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी खाण्याची आवड आहे. विरजणाचे गाडगे, ताकाचा डेरा, पाण्याचा रांजण यांविषयी सांगावयास नकोच. रुचीचे प्रांत वेगवेगळे. पण त्या सर्व प्रांतांत चुलीवर चढलेली माती आपल्या चाकावरून उतरलेली होती. आपल्याला एकत्र बांधणारे सूत्र शोधावयाचे तर ते येथे आहे.

या सर्व भांड्यांत आम्ही खापराला पहिला मान देतो, आणि त्याला कारण आहे. आमच्या या टापूत 'मांडे' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण तो बहुधा 'मनातले मांडे' एवढ्यापुरताच. खानदेशात मात्र ते प्रत्यक्ष पानात पडतात. आखाजी हा तेथील लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, पितरांच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात, आणि आमरसासोबत पुरणाचे मांडे होतात. मऊसूत कणकेत पुरण भरून तो उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवावयाचा, आणि चुलीवर उपड्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकावयाचा. हे कौशल्य एका दिवसात येत नाही. हा पदार्थ जुनाही फार. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात 'मंडक' या नावाने त्याचा उल्लेख आहे.

आणि हेच मांडे आपल्याला येथून जवळ असलेल्या आळंदीत भेटतात. मुक्ताबाईंची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरी सांगितली जाते. संन्याशाची मुले म्हणून या भावंडांना गावाने वाळीत टाकलेले. मांडे करावे अशी इच्छा झाली, म्हणून मुक्ता खापर मागण्यास कुंभाराकडे निघाली. विसोबा चाटी यांनी कुंभारांना बजावून ठेवले होते की या मुलांना भांडे द्यावयाचे नाही. मुक्ता रिकाम्या हातांनी रडत परतली. तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबांनी ते पाहिले आणि ते शरण आले. पुढे हेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले, असे परंपरा सांगते.

ही कथा सांगताना लोक ज्ञानदेवांच्या पाठीकडे पाहतात. आपण कुंभारांनी ती ऐकताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. त्या दिवशी कुंभारवाड्यात खापरे नव्हती असे नाही. ओळीने मांडून ठेवली असतील. ती देण्याची मुभा नव्हती. ज्याच्या घरची चूल गावच्या बलुत्यावर पेटते, त्याने गावच्या मोठ्यांची आज्ञा मोडली तर सुगीला खळ्यावर त्याच्या पदरात काय पडणार? भय खरे होते. आम्ही त्या अनाम कुंभारास दोष देण्यासाठी येथे उभे नाही. पण एका लहान मुलीस जेवणाचे भांडे नाकारले जाते, आणि नाकारणारा हात आपल्या पूर्वजाचा असतो, ही आठवण आपल्या समाजाने जपून ठेवावी अशी आहे. बलुत्याने आपल्याला पोसले, तसे बांधूनही ठेवले.

अन्नाच्या नावाने माणसांना दूर ठेवण्याची ही रीत ज्ञानदेवांच्या काळाबरोबर संपली नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या आरोपावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न धर्मपीठापर्यंत गेला. एका पेल्या चहापायी ही कथा; मग दुर्बळांची काय अवस्था असेल याची कल्पना करावी. त्या काळी रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार अशी दोन कुंपणे होती, आणि जातीच्या आत पोटशाखांचीही तशीच कुंपणे होती. आज परिस्थिती पालटली आहे. कोणा कुटुंबास वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात अपराध आहे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम २०१७ पासून लागू झाला आहे. निघोज्याच्या कारखान्यांतील उपाहारगृहात एका बाकावर बसणारे शेजाऱ्याची जात विचारीत नाहीत. डबा उघडला की मासवडीचा तुकडा इकडून तिकडे जातो आणि ठेचा तिकडून इकडे येतो. मोठी कुंपणे पडली. मग 'आपल्यात असे नसते' हे लहानसे कुंपण आपण घरात कशासाठी राखून ठेवावे?

कोणी म्हणेल, परंपरेचे काय? परंपरेविषयी आदर आम्हांसही आहे. म्हणूनच ती नीट तपासून घ्यावी असे आम्ही म्हणतो. आळंदी-देहूच्या या भूमीत एकादशी कडकडीत पाळतात. उपवासाचे आपले सर्वांत परिचित ताट कोणते? साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा, दाण्याचे कूट, बटाटा आणि हिरवी मिरची. आता हे चौघे पाहुणे कोठले पाहा. ज्या कंदापासून आपल्याकडील साबुदाणा होतो तो टॅपिओका, भुईमूग, बटाटा आणि मिरची, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज समुद्रमार्गे आल्यानंतर, म्हणजे १६व्या शतकापासून पुढे, ती हळूहळू आपल्याकडे रुजली. 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. ज्ञानदेवांनी १२९६ साली समाधी घेतली. त्यांच्या काळातील एकादशीस यांतील एकही पदार्थ असणे शक्य नव्हते. तिखटासाठी तेव्हा मिरी होती. एवढ्या दुरून आलेल्या पाहुण्यांना आपण देवाच्या व्रतात बसविले, सोवळ्यात घेतले, आणि ते आपले झाले. ज्या समाजाने मिरचीला सून करून घेतले, त्याला धरणगावची सून परकी वाटावी, हे नवल आहे.

आता जेवणाच्या रीतीसंबंधी थोडे. कोकणात भाताची मूद हा जेवणाचा प्राण. खानदेश-वऱ्हाडात पोळी-भाकरी आधी आणि भात मागून. देशावरील सणाच्या पंगतीत प्रथम वरण-भात व तुपाची धार, मग पुरणपोळी, आणि शेवटी ताकभात. खानदेशात बट्टी वरणात कुस्करून वर तूप घेतात. येथील मुलगा ती चमच्याने तोडू लागला तर तेथील मंडळी हसतात. आग्रहाच्याही तऱ्हा निराळ्या. काही घरांत पाहुण्याने दोनदा नको म्हणावयाचे असते व तिसऱ्यांदा घ्यावयाचे असते. काही घरांत 'नको' म्हणजे नकोच. पहिल्या घरचा जावई दुसऱ्या घरी उपाशी उठतो आणि दुसऱ्या घरचा पहिल्या घरी अजीर्ण घेऊन परततो. या रीतींत शहाणी कोणती व वेडी कोणती, असा निवाडा करण्याचे कारण नाही. प्रश्न विचारावा, म्हणजे पुरे.

सामिष-निरामिष हा याहून नाजूक प्रश्न. या टापूत माळकरी घरे पुष्कळ. कोकणातील वा कोल्हापूरकडील आपल्याच समाजाच्या घरी मासे-मटणाशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. माळकऱ्याने गळ्यातील माळेचा मान राखावा, हे योग्यच. पण त्या माळेने दुसऱ्याच्या चुलीची प्रत ठरवू नये. आणि मासे खाणाऱ्यानेही माळकरी सोयऱ्याची थट्टा करू नये. त्याच्यासाठी वेगळे भांडे चढवावे आणि ते निगुतीने चढवावे. दोन्ही बाजूंनी हे झाल्याची उदाहरणे या सभागृहात बसलेली आहेत, आणि त्यांचे संसार उत्तम चालले आहेत.

एक रीत मात्र सर्व प्रांतांत सारखी आहे, आणि दुर्दैवाने तीच सर्वांत वाईट आहे. पहिल्या पंगतीस पुरुष, दुसरीस मुले, आणि रांधणाऱ्या स्त्रिया अखेरीस. तोवर भाकरी गार झालेली असते, रस्सा तळाशी गेलेला असतो, आणि भाजीतील फोडी संपून नुसता मसाला उरलेला असतो. दूरच्या प्रांतातून आलेल्या सुनेची दशा तर अधिकच अवघड. जे शिजते ते तिच्या जिभेला नवे, आणि जे उरते ते तिच्या वाट्याला. माहेरची आठवण झाली तरी कळण्याची भाकरी ती थापू शकत नाही, कारण 'आपल्यात असे नसते'. वर्षानुवर्षे स्वतःच्या आवडीचा घास न खाल्लेल्या स्त्रिया आपल्या घराघरांत आहेत. पदार्थांच्या आवडीनिवडीवर बोलताना, ज्यांना आवड सांगण्याची मुभाच नव्हती त्यांची आठवण ठेवली नाही, तर हे व्याख्यान व्यर्थ होय.

दुसरीही एक चिंता सांगावीशी वाटते. प्रांतभेदाचे भांडण मिटविण्याचा एक सोपा मार्ग अलीकडे निघाला आहे. तो म्हणजे सर्वच प्रांतांना निरोप देणे. आजचे लग्न निघोज्यात असो, नांदेडात असो की नागपुरात, केटररचे ताट एकच: पनीरची भाजी, नान, जिरा राईस, मंचुरियन आणि गुलाबजाम. कोणाचा राग नाही आणि कोणाची आठवणही नाही. मातीची भांडी स्वयंपाकघरातून गेली, अॅल्युमिनियम आणि स्टील आले. त्याबद्दल आम्ही आकांत करीत नाही, काळाचे पाऊल मागे फिरत नाही. पण पदार्थ विस्मरणात गेले की त्यांच्यासवे हाताची कौशल्येही जातात. खापरावर मांडे टाकणाऱ्या आजीबाईंनी नातीस ते शिकविले नाही, तर पुढील पिढीस खरोखरच मनातले मांडे खावे लागतील. 'रुचिरा'सारख्या ग्रंथांनी १९७० नंतर घरोघरी पाककृती पोहोचविल्या, हे त्यांचे उपकार. परंतु आपल्या निरनिराळ्या शाखांच्या घरांतील कितीतरी पदार्थ अजून कोणत्याही पुस्तकात आलेले नाहीत. ते केवळ हातांत आहेत.

म्हणून आम्ही चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली: पुढील संमेलनाचे भोजन एका केटररकडे न सोपविता प्रत्येक प्रांताच्या मंडळींनी आपला एकेक पदार्थ करावा, आणि त्यांतील निदान दोन मातीच्या भांड्यांत शिजवावे, भांडी आपल्याच कारागिरांकडून घ्यावी. दुसरी: समाजाच्या कोणत्याही कार्यात स्त्री-पुरुषांची पंगत एकदम बसावी, आणि रांधणाऱ्यांस वाढण्याचे काम तरुणांनी करावे. तिसरी: पुढील स्मरणिकेत काही पाने राखून वयोवृद्ध भगिनींकडून त्यांच्या प्रांताचे पदार्थ, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्यावेत, 'सांभार' असेल तर 'सांभार'च छापावे आणि पुढे कंसात कोथिंबीर असे लिहावे. चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: सोयरिकीच्या बैठकीत 'आपल्यात असे नसते' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी 'तुमच्यात हे कसे करतात?' असे एकदा विचारावे. पहिल्या वाक्याने बैठक मोडते, दुसऱ्याने पाककृती मिळते.

शेवटी आपल्या गोरोबाकाकांचे स्मरण करतो. तेरच्या या कुंभार संताच्या घरी संतमेळा जमला असता मुक्ताबाईंनी थापटणे पाहून विचारले, हे कशाला? काकांनी सांगितले, मडके पक्के की कच्चे हे पाहण्यासाठी. मग त्यांनी एकेका संताच्या मस्तकावर थापटणे मारून परीक्षा केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ज्या मुक्तेला कुंभारवाड्यातून खापर मिळाले नव्हते, तीच मुक्ता एका कुंभाराच्या घरी मानाने बसली होती आणि परीक्षा सुचवीत होती. यापरते आपल्या समाजाला भूषण कोणते?

आता थोड्याच वेळात पंगत बसेल. पाने मांडली जात आहेत. शेजारी कोण बसले, कोठल्या प्रांताचे आहे, हे अवश्य विचारावे. आणि त्यांच्या पानात काय आवडीचे पडले, तेही.